आतड्यातली अळंबी

दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. मी ठणठणीत आहे, हे आधी वाच, मग पुढचं. वहिनीचा गुडघा कसा आहे?

शिवणकारखान्याचा जिना चढताना मला धाप लागायची. तपासलं तर अंगात रक्त कमी. पोट दुखत नव्हतं, शौचाला लाल काही दिसत नव्हतं. तरी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुर्बिणीने मोठं आतडं बघू. आदल्या दिवशी जुलाबाचं औषध घेतलं आणि संडासातच मुक्काम ठोकला. शेजारीण दाराबाहेरून विचारायची, "आहेस ना गं आत?"

आतड्यात दोन पॉलिप निघाले, म्हणजे आतून वाढलेले कोंब. एक देठाचा, अळंबीसारखा. त्यातूनच नकळत रक्त झिरपत होतं. दुसरा चपटा, भिंतीला चिकटलेला. दोन्ही तिथल्या तिथे काढले.

काल रिपोर्ट आला. "कॅन्सर नाही," बाई म्हणाल्या. "काही पॉलिप निरुपद्रवी असतात, पण तुमचे राहिले असते तर पुढे बिघडू शकले असते. भावंडं आहेत? त्यांनाही असू शकतात."

"एक दादा आहे. डॉक्टर म्हटलं की पळतो."

"मग त्यांना पकडा."

दादा, अधूनमधून रक्त पडतं, मूळव्याध आहे, असं तू मागे हसत सांगितलंस. असेलही मूळव्याध. पण बघितल्याशिवाय कसं कळणार? आईबाबांनंतर मला हक्काने ओरडणारं तुझ्याशिवाय आहे कोण?

आता ओरडूनच घे, कारण मी वहिनीला फोन केलाय. तिने तुझ्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी सोमवारची वेळ घेतलीय. रविवारी घराबाहेर कुठे जायचं ठरवू नकोस.

तुझीच,
चिमणी