होळीवर पडलेली बाज

फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८०७

पोहोचलो एकदाचा! टिटवाळ्याला आगगाडीतून उतरलो आणि तिथून बैलगाडीनं काळू नदीच्या कडेकडेनं दोन तास. हाडं खिळखिळी झाली, पण मन कसं प्रसन्न आहे. तिशीच्या आत स्वतंत्र चौकीचा जमादार होणं म्हणजे काही खायचं काम नाही. ठाण्यात टेंभी नाक्यावर जे मला 'पुस्तकी शिपाई' म्हणून हिणवायचे, त्यांनी आता बसावं बोटं मोडत.

चौकी दोन खोल्यांची, कौलारू, जमीन ताजी सारवलेली. पडवीत उभं राहिलं की समोर होळीचा माळ. ठाण्याहून मोठी वस्तू एकच आणली, सुमतीच्या माहेरची सागवानी बाज. लक्ष्मीच्या वेळी ती याच बाजेवर बाळंत झाली. लक्ष्मी आता चार महिन्यांची. मायलेकी द्वादशीला येतील, तोवर घर लावून ठेवायचं.

गावचा पोलीस पाटील दौलत ताडगोळे घेऊन भेटायला आला. रुंद अंगाचा, हसरा गडी. म्हणाला, आजपासून रोज संध्याकाळी लहान होळी आणि पौर्णिमेला मोठी. मोठीची लाकडं माळावर रचायला घेतलीसुद्धा.

षष्ठी

नवा गडी नवं राज्य! सकाळीच हुकूम सोडले. होळी घरांपासून आणि पेंढ्याच्या गंज्यांपासून पन्नास पावलं लांब. कडेला पाण्याचे दहा घडे. दारू ठासलेल्या उखळीचे बार नदीकडे तोंड करून. प्रत्येक आळीतले दोघे पाळीनं पहाऱ्याला. पावलं मी स्वतः मोजली. संध्याकाळपर्यंत सगळं सांगितलं तसं झालं, गाव शहाणं आहे.

एकच गोष्ट मला रुचली नाही. मोठ्या होळीची लाकडं इथे चोरून आणतात. कुणाचं जू, कुणाचा पाट, कुणाचं कवाड. चौकी झाडणारी म्हातारी बायजा सांगत होती की तिचं दार सलग दोन वर्षं गेलं. शिव्या पोटभर द्यायच्या, बोंब मारायची, पण रचलेल्या होळीवरून काही परत काढायचं नाही. ळ चा ल नि ड चा र करत म्हणाली, "होलीवर परला तो होलीचा." मी म्हटलं, बाई, याला सरकारदरबारी चोरी म्हणतात. ती तोंडाला पदर लावून हसली.

सप्तमी

संताप, नुसता संताप! नदीवर आंघोळीला गेलो आणि परततो तो बाज गायब. बघतो तर होळीच्या पार शेंड्यावर, चारी पाय आभाळाकडे करून! खाली सगळं गाव हसतंय. दौलत म्हणाला, नव्या माणसाची वस्तू नेणं म्हणजे त्याला गावचा करून घेणं, रागावू नका, याहून चांगली बाज पौर्णिमेनंतर गावच करून देईल. अरे, माझ्या बायकोच्या माहेरची बाज, आणि तुमचा मान?

मी स्वतः चढलो आणि ओढून खाली काढली. हसणं एकदम थांबलं.  दौलतनं हात जोडले, पुन्हा वर ठेवा म्हणाला. मी कलम सांगितलं आणि कोठडीचं नाव काढलं. मग निदान तिच्यावर निजू तरी नका, एवढं म्हणून तो गेला. अडाण्यांचा बाजार नुसता. मी मुद्दाम तिच्यावरच ताणून देणार.

अष्टमी

झोप बरी लागली. फक्त सकाळी बाजेचा काथ्या ऊन लागला, उन्हात वाळत घातल्यासारखा. खोलीत तर ऊन येत नाही.

संध्याकाळची लहान होळी पेटली नाही. लाकडं खडखडीत वाळलेली, तरी नुसता धूर. सगळे माळावरून माझ्या पडवीकडे बघत होते. मीही बघितलं त्यांच्याकडे. घाबरतो की काय मी!

नवमी

बाजेखालचं सारवण तडकलं आहे, चुलीपुढचं तडकतं तसं. चारी पायांखाली चार काळी वर्तुळं. मी बाज सरकवली. दुपारी जेवून आलो तर नव्या जागीही चार.

लहान होळी आजही धुमसली नि विझली. बायजा झाडायला आली नाही.

दशमी

पाठ भाजते आहे. ताप म्हणावा तर कपाळ गार. दौलतनं पाठीला हात लावला आणि चटकन काढून घेतला. मी आता तिच्यावर निजणार नाही. भीती वाटते म्हणून नव्हे. बरं, लिहून टाकतो, वाटते.

सुमतीला पत्र धाडलं, पौर्णिमा होईपर्यंत येऊ नकोस. कारण लिहिलं नाही. काय लिहिणार, मी होळीच्या तोंडचा घास काढला म्हणून?

एकादशी

पत्र वाटेतच राहिलं. सुमतीचे वडील अण्णा मायलेकींना एक दिवस आधीच घेऊन आले आणि उलट गाडीनं ठाण्याला परतलेसुद्धा. मी पहाऱ्याच्या पाळ्या लावून आलो, तर सुमती चुलीशी आणि लक्ष्मी— लक्ष्मी बाजेवर गाढ झोपलेली. आपली बाज बघून सुमतीला केवढा आनंद झालेला.

उचलली तिला. तव्यावरची भाकरी उचलावी तशी पोर गरम. जावळात राख.

सुमती घाबरली, मी तिच्यावरच खेकसलो. बाजेचं काही बोललो नाही.

द्वादशी

मायलेकींना गाडीत घालून स्टेशनची वाट धरली. गाव मागे पडेल तशी पोर तापत गेली. मैलभर गेलो नाही तो रडून निळी पडली, अंगाला हात लावता येईना. सुमतीनं गाडी वळवायला लावली. परत येताना माळापाशी लक्ष्मी आपोआप निवली, हसली. सुमती म्हणाली, इथली हवा मानवते हिला.

हवा!

त्रयोदशी

सकाळी बाज डोक्यावर घेऊन मी एकटाच माळावर गेलो. कुणी हात लावला नाही. मला शेंड्यावर चढवेना, बुडाशीच कडेला टेकवली. नाक घासलं, नारळ ठेवला. घे बाई तुझं तुला.

जसजसा जवळ गेलो तशी पाठ निवत गेली. अगदी गार, नदीत उतरल्यासारखी. तिथेच पडून राहावं असं वाटलं. मग कळलं, होळी मलाच ओढते आहे, आणि पळत सुटलो.

दौलतला सगळं सांगितलं. त्यानं माझ्या पाठीला पुन्हा हात लावून पाहिला. मग म्हणाला, बाज परत दिलीत, पण होळीची असताना तिच्यावर जे निजले त्यांचं काय? डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. म्हणाला, औंदा मोठी होळी पेटवायचीच नाही, गावाला मी समजावतो. देवमाणूस. मी ह्याला कोठडीची भीती दाखवली होती.

सुमतीला बाज कुठे गेली म्हणून सांगू? कावून म्हटलं, दुरुस्तीला दिली.

चतुर्दशी

सुमती आनंदात. म्हणते, औषध सापडलं. पोर तापली की माळावर न्यायची. आज होळीच्या थोडं आणखी जवळ उभी राहिली, तर लक्ष्मी खुदकन हसली म्हणे. आपली बाजही तिथे बघितली, आणि दुरुस्तीचं खोटं का सांगितलंत म्हणून रागावली.

मी ओरडलो, माळावर पाय टाकायचा नाही! का, ते तिनं विचारलं. तोंडाशी आलं होतं. पण माझ्या हट्टापायी आपली पोर— हे कोणत्या तोंडानं—

उद्या सांगीन.

पौर्णिमा, दुपार

पडवीतच पडून आहे, पाय उचलत नाहीत. पाठ, छाती, सगळं पेटलं आहे. आवाजही गेला, नुसती वाफ येते. हात तेवढा चालतो. लक्ष्मी सकाळपासून आक्रंदते आहे.

सुमती बायजाकडे काढा आणायला गेली, पोरीला घेऊन. तिला वाचता येतं. आली की ही वही तिच्यापुढे धरणार. सुमती, वाच. बाज मी होळीवरून काढली. चूक माझी. लक्ष्मीला माळाजवळ नेऊ नकोस, ती निवते ते बरं होणं नव्हे. रडू दे, तापू दे, पण—

संध्याकाळ

अजून आली नाही.

माळावर माणसं जमली आहेत. कुणाच्या हाती पेटती चूड नाही. दौलतनं शब्द पाळला. पोरगी रडते आहे कुठेतरी—

थांबली.

दिसली सुमती. बायजाच्या घराकडून येते आहे, माळावरून. तिला दटावलं होतं ना मी— दटावलं, सांगितलं नाही. दौलत आडवा आला, ती त्याला काही सांगते आहे. होळी पेटणारच नाही, मग भ्यायचं काय, असंच म्हणत असेल. त्याला वळसा घालून ती पुढे आली. लक्ष्मी हसते आहे. इथवर ऐकू येतं—

मी वही उंच धरली. ती बघत नाही.

दमली आहे गं बिचारी. दिवसभर उभी आहे. आपली बाज दिसली तिला, टेकायला—

धूर. तिच्या पाठीमागं, बुडातून धूर. कुणी काडी लावली नाही, दौलत दोन्ही हात वर करून ओरडतो आहे, घडे घेऊन माणसं धावताहेत— सुमती इकडे बघ— सुमती—

तिनं लक्ष्मीला बाजेवर ठेवलं आणि स्वतः शेजारी