रांगोळी नसलेलं ताट

देवास, रविवार

ती. आईस,
शंतनूचा नमस्कार.

मी बरा आहे, डबाही चांगला मिळतो. तुझा गुडघा आता कसा आहे?

आज कारखान्यातले मित्र मला धारला एक प्रदर्शन बघायला घेऊन गेले. जुन्या मराठी घरांतल्या वस्तू होत्या. एका दालनात पाट, चांदीचं ताट, समई असं मांडून वर पाटी लावली होती, ‘त्योहार की पंगत’. त्यांच्यातला मनन म्हणाला, “देख भिया, तुम लोगों की दावत.” मनाने फार चांगला आहे तो.

मांडणी सुरेख होती, फक्त ताटाभोवती रांगोळी घालायची राहिली होती. एवढं सगळं मांडून रांगोळी नाही, म्हणजे आपल्याकडे ते श्राद्धाचं ताट, हे त्यांना कोण सांगणार?

बाबांच्या वर्षश्राद्धाला मला सुट्टी मिळाली नाही. सगळं काकांच्या हातून झालं, आणि तू फोनवर एवढंच म्हणालीस, “नीट पार पडलं.”

मित्र पुढच्या दालनात गेल्यावर मी चपला काढल्या आणि त्या रिकाम्या ताटाला वाकून नमस्कार केला. बाबांना तो पोचेल ना गं?

तुझा,
शंतनू