पायरीवरचा घास

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची भिवंडीत. सोबत दोन बॅगा, एक वजनकाटा आणि लाडवांचे खोके. निघताना आई म्हणाली, एवढं शिकून शेवटी लाडूच वाटणार का. आईला कोण समजावणार? विद्यापीठाचा प्रकल्प आहे. नाचणी, शेवग्याचा पाला आणि वाटाण्याचं प्रथिन घातलेला लाडू वयस्कर माणसांनी रोज जेवणाआधी खायचा, आणि त्यांच्या अंगात ताकद येते का ते मी मोजायचं. यावर माझी पीएचडी उभी राहणार आहे. आडवी झाली तर बघू.

खोली राहनाळला मिळाली. घरमालकीण सीताबाई, सत्तरीच्या, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरा केसरीनाथ खाडीत मासेमारी करायचे, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा मनोज गोदामं भाड्यानं देतो. समोरच्याच गोदामात प्रोटीन पावडरचे डबे छतापर्यंत रचलेत, आणि त्यांच्यासमोर मी नाचणीचा लाडू घेऊन बसणार. देवाला विनोद कळतो म्हणायचा.

सीताबाईंनी आल्याआल्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. त्यांना फार बरं वाटलं. खाणारं माणूस घरात असलं की घर भरल्यासारखं वाटतं, म्हणाल्या. मला हे घर आवडलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काम सुरू झालं. सीताबाईंनी स्वतःहून नाव दिलं, त्यामुळे माझी पहिली म्हातारी घरातच. अडचणही घरातच निघाली.

या घराची एक रीत आहे. जेवायला बसण्याआधी सीताबाई ताटातला एक घास घेऊन मागच्या दारी जातात, खाडीकडच्या दगडी पायरीवर ठेवतात आणि आपल्या गेलेल्यांची नावं घेतात. सासू तुळजा, मग केसरीनाथ. मगच स्वतः जेवतात. आता ताटात लाडू आला, तर घास लाडवाचाही निघाला.

आमचा नियम असा की लाडू माझ्यासमोर पूर्ण संपायला हवा. उरला तर तसं लिहायचं, आणि वरचेवर उरला तर त्या व्यक्तीला अभ्यासातून काढायचं. मी परोपरीनं सांगून पाहिलं. सीताबाई ऐकून घेतात आणि हसतात. म्हणाल्या, "घास भायेर ठेवल्याबिगर आमच्या घरान कोन जेवत न्हाय, पोरी. ती मानसा उपाशी, आन् आपन कसा खायाचा?"

त्यांनी लाडू पूर्ण खाल्ला असं मी लिहिलं. चिमूटभर तर जातोय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज गाइड सर न सांगता आले. सीताबाई नुकत्याच पायरीवर घास ठेवून, नावं घेऊन आत वळल्या होत्या. सरांना मागच्या दारातून खाडी बघायची हौस आली. त्यांनी तो तुकडा पाहिला असता तर सगळ्याच नोंदींवर संशय घेतला असता, आणि पीएचडी आडवी. मी त्यांच्यापुढे झाले, वाकल्यासारखं केलं आणि घास उचलून तोंडात टाकला.

सर गोदामांकडे बघत विकासाबद्दल काहीतरी बोलत होते. मला ऐकूच येत नव्हतं. ती चव कशी लिहू? हे लाडू मी प्रयोगशाळेत शेकड्यानं चाखलेत, भुसा बरा. पण हा घास म्हणजे लहानपणी तापातून उठल्यावर आईनं भरवलेला पहिला मऊ भात होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरांना वाटलं, मी कामानं भारावले आहे.

सीताबाईंपासून लपवलं. लाज वाटली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जेवणाला चव नाही. सर्दी असेल. सीताबाईंनी केलेलं कोलंबीचं कालवण कोमट पाण्यासारखं लागलं. मीठ घेतलं, लोणचं घेतलं, हिरवी मिरची चावली. डोळ्यांतून पाणी आलं, पण जिभेला काही कळलं नाही.

खोक्यातले लाडू फोडून पाहिले. भुसा. म्हणजे ती चव लाडवाची नव्हती.

दुपारी सीताबाई आत वळल्यावर मी पायरीवरचा घास पुन्हा खाल्ला. खात्री करायला म्हणून. निदान इथे तरी खोटं लिहू नये. मला तो हवा होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सहज काट्यावर उभी राहिले. काटा बिघडलाय असं समजून पिठाची पिशवी ठेवली. काटा बरोबर आहे. मी घटतेय. खाते मात्र दुप्पट. रीमा, मनोजची बायको, हसून म्हणाली की ताईंचं खाल्लेलं जातं कुठे. मीही हसले.

सीताबाईंनी आज पहाटेचं स्वप्न सांगितलं. स्वप्नात केसरीनाथ दारात उभे होते म्हणे, ओले, पाय गाळानं भरलेले. त्यांनी तोंड उघडून दाखवलं. आत काही नव्हतं. सीताबाई मला विचारत होत्या की घास तर रोज ठेवते, मग तो माणूस उपाशी का. मी ताटात बघत राहिले.

आजही खाल्ला. पायरीवर घासाशेजारी ओला गाळ होता. बोटं उमटली होती, माझ्या बोटांपेक्षा जाड.

२४ नोव्हेंबर, सोमवार

भर दुपार होती. रस्त्यावर कंटेनरची रांग, ड्रायव्हर लोकांच्या हिंदीत शिव्या, लखलखीत ऊन. भीती वाटावी असं काहीसुद्धा नव्हतं. मी घासाला हात घातला आणि माझ्या हातावर हात आला. थंड. त्यानं मला ढकललं नाही. चाचपडलं, आंधळं माणूस ताटात चाचपडतं तसं. मी घास ओढून घेतला आणि तोंडात कोंबला.

चावून झालं. मी तोंड मिटलं. चावण्याचा आवाज थांबला नाही. माझ्या कानाशी चालू होता, रिकाम्या तोंडाचा.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सीताबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, घराबाहेर काढतील. त्यांनी माझं मनगट हातात घेऊन पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

सासूनं त्यांना सांगून ठेवलं होतं म्हणे. ज्यानं तो घास खाल्ला तो गेलेल्यांच्या पंगतीला बसला. मग इकडचं अन्न त्याच्या अंगी लागत नाही.

मी म्हटलं, खाल्लं ते परत करते. माझं पूर्ण ताट पायरीवर ठेवलं, दोघांची नावं घेतली, हात जोडले. संध्याकाळपर्यंत ताट तसंच होतं. त्याला मुंगीदेखील लागली नाही. सीताबाई हळूच म्हणाल्या, "तुझा हात उष्टा झाला गो पोरी. उष्ट्या हातान वाढलेला त्यांना चालत न्हाय."

१ डिसेंबर, सोमवार

मनोजदादांनी गाडीत घालून दवाखान्यात नेलं. सलाइन. रिपोर्ट सगळे चांगले. डॉक्टर म्हणतात मनावर घेऊ नका, प्रोटीन वाढवा.

प्रोटीन! मी शिकवेन त्यांना प्रोटीन.

आई आली. रात्रभर बसून होती. मऊ भात भरवला. आईच्या हातचा मऊ भात, आणि मला — काही नाही. आईला कळू नये म्हणून छान झालाय म्हटलं. ती रडली. तिला कळलं.

४ डिसेंबर

आईला सांगितलं, खोलीतलं सामान आणू. खोटं. मला पायरी हवी होती.

सीताबाईंनी घास ठेवला. तुळजा. केसरीनाथ. मी धावले — उठता येत नाही, रांगत गेले. या वेळी हातांनी ढकललं. दोन्ही हातांनी. आता ओळखतात मला. घास त्यांच्या नावाचा आहे, माझ्या नाही. खरंच आहे की. चोर मी —

फार भूक. लिहिताना पेन जड —

६ डिसेंबर

इथेच राहिलो. आई पुढच्या खोलीत फोनवर. दुसरा दवाखाना बघतेय. मोठा.

सीताबाई जवळ बसल्या. केस सारखे केले माझे. म्हणाल्या इकडचं तुला लागत नाही, तिकडचं मिळत नाही, असं तळमळत जायचं — बघवत नाही. एक करता येतं म्हणाल्या.

"तुझा नाव घेऊ का, ऋतिका?"

कळलं मला. नाव घेतलं की घास माझा. आणि नाव कोणाचं घेतात तेही —

नाही म्हटलं.

७ डिसेंबर

नाही म्हटलं पुन्हा. आई आहे. आईला कोण

भूक

८ डिसेंबर

दुपार. मागच्या दारी बसवलंय मला, उन्हात. आई आत भात करतेय माझ्यासाठी. मऊ. वास — येत नाही.

सीताबाई ताट घेऊन आल्या. तीन घास काढले. रोज एकच असतो.

तुळजा, म्हणाल्या. केसरीनाथ. थांबल्या. बघताहेत माझ्याकडे. आत आई हाक मारतेय, झालाच हं बाळा —

मी मान हलवली. हो म्हणून.

पायरीवरचे हात सरकले. बाजूला झाले. गाळात मधे एक जागा, माझ्यापुरती, आणि सीताबाईंचे ओठ — आई, भात नको आणू, आई मी —