बोगोमिलच्या शेजारची जागा

लेस्कोवो,
१९ नोव्हेंबर

ती. कुमुदताई,

नमस्कार. गुडघे सोडले तर माझं बरं आहे. तुझी साखर कशी आहे ते लिही, आणि खरं लिही. फोनवर तू नुसतं "ठीक" म्हणतेस. शिवाय मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. कागदावर तुला मध्येच बोलता येणार नाही.

माझ्यासाठी खोलीला फिकट पिवळा रंग दिलास, पलंग खिडकीपाशी हलवलास, चांगलं केलंस. त्याबद्दल पुढे लिहिते.

इथे थंडी पडली. पिंपभर कोबी मिठाच्या पाण्यात मुरत घालून झाला. भाजलेल्या लाल मिरच्यांचं वाटण बाटल्यांत भरलं. एकटीला कशाला एवढं, म्हणून यंदा मी निम्मंच करणार होते, तर शेजारची सेव्दा मिरच्यांचं पोतं घेऊन दारात हजर. "निम्मं करणार? मग मार्चमध्ये काय खाणार, माती?" म्हणाली आणि विचारल्याशिवाय चूल पेटवली. सेव्दा माझ्याच वयाची, पण सगळ्या गावाची सासू.

फिरणं भरपूर चालू आहे. फेब्रुवारीत बोगोमिल गेला आणि मी मागे उरले तेव्हापासून सेव्दा, तिची धाकटी जाऊ त्सोंका आणि मागल्या गल्लीतला गेन्को मला घरात बसू देत नाहीत. गेन्कोकडे जुनी गाडी आहे. तिचं मागचं एक दार दोरीने बांधलेलं आहे, म्हणून आम्ही तिघी एकाच बाजूने चढतो आणि सगळ्यात आधी कोणी आत सरकायचं यावर दर वेळी भांडतो. सप्टेंबरात रानात अळंबी आणायला गेलो होतो. मी मोठ्या हौसेने एक लालसर अळंबी टोपलीत टाकली. सेव्दाने ती उचलून नीट पाहिली आणि म्हणाली, "ही वेगळी ठेव. सुनेशी भांडण झालं की मला लागेल." मग गरम पाण्याच्या झऱ्यावर गेलो. गेन्को गळ्यापर्यंत पाण्यात बसून तासभर सरकारला शिव्या देत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, आता पाठ मोकळी वाटते.

एवढं सगळं लिहिते आहे, कारण पुढचं लिहायचं टाळते आहे. तू ओळखलंच असशील.

या महिन्याच्या सुरुवातीला इथे पितरांचा शनिवार असतो. आपल्या सर्वपित्रीसारखा समज, फक्त कावळ्याच्या ऐवजी शेजाऱ्यांना खाऊ घालायचं. साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू, पाव, वाइन घेऊन सगळं गाव दफनभूमीत जातं. कबरीवर वाइन शिंपडायची, आजूबाजूला गहू वाटायचे. घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत. "देव त्याला क्षमा करो" एवढंच म्हणायचं. बरं वाटतं तिथे. लोक हसतात, खातात, कोणाचं कोणाशी जमलं ते बोलतात.

बोगोमिलचा दगड नुकताच बसवला होता. ते सगळं सेव्दाने बघितलं, कारण तालुक्याच्या गावी पाथरवटाकडे जाऊन उभं राहणं मला जमत नव्हतं. मी फक्त फोटो दिला. त्याचा एकट्याचा धड फोटो नव्हता. कॅमेरा नेहमी त्याच्याच हातात असायचा. म्हणून आम्हा दोघांचा समुद्रावरचा दिला. त्यातला त्याचा तेवढा घ्या, हे काही मी बोलले नाही. सांगायची गरज आहे असं वाटलं नाही.

पाथरवटाने दोघांचेही चेहरे कोरले. त्याच्या नावाशेजारी माझं नाव, जन्मसाल, आडवी रेघ. रेघेच्या पुढे नुसता दगड.

इथे याला चूक कोणी म्हणत नाही. नवरा-बायकोचा दगड एकच असतो, आणि मागे राहिलेल्याचं नावही त्याच वेळी घालून ठेवतात. गेन्कोच्या बायकोच्या दगडावर गेन्को आहे, पन्नाशीतला, डोक्यावर केस असलेला. दर वर्षी तो स्वतःच्या चेहऱ्यासमोर बसून पितो आणि म्हणतो, "काय रुबाब होता बघ." इतकी वर्षं मीही त्याला हसत आले.

सेव्दा पदराने पुसावा तसा एप्रनने दगड पुसत होती. "कसा झालाय?"

"यात मी का आहे?"

"मग कुठे असणार?"

"सेव्दा, मी अजून जिवंत आहे."

"नाही कोण म्हणतंय? म्हणून तर पुढची जागा सोडलीय."

त्सोंका वाकून बघत म्हणाली, "तुझा चेहरा चांगला आलाय हो. बोगोमिलच्या नाकाची मात्र वाट लावलीय."

मग माझ्या तोंडून निघून गेलं, की मी जानेवारीत बहिणीकडे चालले आहे, मिरजेला, कायमची. ताई, हे मी तोवर त्यांना सांगितलं नव्हतं. तुला होकार देऊन दोन महिने झाले होते आणि इथे एकालाही सांगितलं नव्हतं.

गेन्कोने पेला खाली ठेवला. सेव्दाने एप्रन झटकला आणि विचारलं, "मग याच्या शेजारी कोण?"

मी उरलेले गहू डब्यात भरले. परत येताना गाडीत आधी कोणी सरकायचं यावर भांडण झालं नाही. गेन्कोने सरकारचं नावही काढलं नाही.

त्यानंतर सेव्दा माझ्याकडे फिरकली नाही. मला राग आला होता. कोणी सांगितलं होतं यांना माझी जागा धरून ठेवायला? मी बस धरली आणि स्वतः पाथरवटाकडे गेले. म्हटलं, माझं नाव, चेहरा, सगळं काढा.

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दुसरं लग्न करताय?" इथे बायका एवढ्याच कारणासाठी नाव काढायला येतात म्हणे.

"नाही हो. बहिणीकडे जाते आहे."

"घासून काढता येईल, पण तिथे खड्डा पडेल. त्याच्या शेजारी कोणीतरी होतं, हे आल्यागेल्याला दिसत राहील."

मी उद्या सांगते म्हटलं आणि बसथांब्यावर जाऊन बसले. तू दर फोनला विचारतेस, आता तिथे तुझं कोण आहे? मी विषय बदलते. तिथे बसल्यावर मला दोन गोष्टी स्पष्ट कळल्या. बोगोमिलच्या शेजारून मला घासून काढलेलं मला बघवणार नाही. आणि सेव्दा दारात येत नाही, हे मला सोसत नाही.

गावात उतरले ती थेट तिच्याकडे. ती घेवड्याच्या वाळलेल्या शेंगा सोलत बसली होती. मान वर केली नाही.

"पाथरवटाकडे गेली होतीस म्हणे."

बसच्या ड्रायव्हरने माझ्या आधी बातमी पोचवली होती.

"गेले होते. खड्डा पडेल म्हणाला."

"मग?"

"मग काय. राहू दे आता."

तिने निम्म्या शेंगा माझ्या पुढ्यात ओतल्या. "बस. सोल."

ताई, मी येत नाही. भेटायला येईन, महिनाभर राहीन, त्या पिवळ्या खोलीतच झोपेन. पण राहायला येत नाही. तू एकटी आहेस, माझी वाट बघून तू खोली लावलीस, हे सगळं मला कळतं, आणि तरीही येत नाही. त्याचं मला वाईट वाटतं. तू याला स्वार्थ म्हणालीस तर मी वाद घालणार नाही. आपल्यात पुरत नाहीत, हेही तू म्हणशील. बोगोमिलला मातीच दिली, मलाही तीच चालेल.

एक काम मात्र तुझ्याकडे आहे. दगडावर माझं नाव इथल्या लिपीत कोरलं आहे. त्याच्या खाली मला ते आपल्या लिपीत हवं आहे. पाथरवट म्हणतो, कागदावर मोठं लिहून आणा, तसंच्या तसं कोरतो. मी लिहून बघितलं, पण एवढं मोठं अक्षर वाकडं येतं. तू लिही. कागदोपत्री असतं ते नलिनी नको, तू मला हाक मारतेस ते. ते इथे कोणालाच माहीत नाही, आणि तुझ्या मागे हाक मारायलाही कोणी उरणार नाही. रागावली असशील तर राग जाईपर्यंत थांब, पण लिही.

तुझी,
नलू