अर्धं गाऱ्हाणं

अल् खुवैर, ता. २६ जानेवारी २००२

फुटबॉलचे सहा सामने हरलास, आणि ते मला वरच्या मजल्यावरच्या कुलसुमने सांगावं? तिचा बदरुद्दीन तुमचा कॅप्टन, तो घरी सगळं लिहितो. तू फोनवर ठीक आहे म्हणतोस नि ठेवतोस.

चि. साईस आजीचे आशीर्वाद. इकडे खुशाल. तुझा बाबा रुसैलच्या कारखान्यातून येतो तो जेवून आडवा होतो. त्याला मी काही सांगितलेलं नाही. मेल्या, एकतीस गोल! चतुर्थीला मीसुद्धा एकवीस मोदकांवर थांबते. आणि आता शेवटच्या सामन्याला जाणार नाहीस म्हणे. का, ते तूच लिही.

तुझी आजी

सलाला, ता. १ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. मराठी चुकलं तर हसू नको. बदर खरं बोलला. कॉलेजची ही पहिलीच टीम, मी गोलकीपर, आणि मुलं मला उघडं गेट म्हणतात. पंधरा तारखेला मी नाही गेलो तर दहाच उरतात, आणि अकरा नसले तर टीम खलास, असं सर म्हणाले. तरी मी जात नाही. आजी, बॉल माझ्याजवळ येतच नाही, लांबूनच आत जातो.

साई

अल् खुवैर, ता. ६ फेब्रुवारी

चि. साईस आशीर्वाद. पत्र वाचून कपाळाला हात लावला. तू टीममध्ये गेलास तेव्हा मी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं, की बा देवा महाराजा, माझ्या नातवाच्या अंगाजवळ काही फिरकू देऊ नकोस. तुझं कामच अंगावर झेलायचं, हे मला कोणी सांगितलं? देवाने सांगितलं तेवढं केलं.

आज दुसरा नारळ ठेवून ते मागे घेतलं. जिंकायचं मागितलं नाही. एकतीस गोलांनंतर कुठल्या तोंडाने मागू? पण आता माझ्यावर ढकलायला तुला जागा नाही. दहा पोरांना उन्हात उभं करून खोलीत बसू नकोस. जा आणि नीट हरून ये.

लोभ आहेच, तो गोल मोजून करत नाही. उत्तर तूच लिहायचं, बदरुद्दीनने नाही.

आजी

सलाला, ता. १६ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. हरलो, दोन-एक. पण सात बॉल अडवले. एक सरळ नाकावर आला, नाक वांग्याएवढं झालंय. टीम राहिली. गेट कोणी म्हणत नाही, आता वांगं म्हणतात.

पुढच्या वर्षी गाऱ्हाणं घालण्याआधी मला विचार. नाकाचं काय ते देवाला वेगळं सांगू. आणि याचं उत्तर तूच लिही, बाबांकडून लिहवून घेऊ नको.

साई