सर्पदंशाचे केसपेपर

बाबा, परवा मी एका मुलीचा अर्ज नाकारला, आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं राहून गेल्यासारखं वाटतंय. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तू गेलास तेव्हा माझी इंटर्नशिपसुद्धा संपली नव्हती, म्हणून आधी सांगते. मी आता कामोठ्यात राहते, मेडिकल कॉलेजात शिकवते. एमबीबीएसच्या मुलांना सुट्टीत दोन महिने एखाद्या संशोधन संस्थेत राहून काम करायची फेलोशिप असते, तिचे आमच्या कॉलेजातले अर्ज तपासून पुढे पाठवायचं काम माझ्याकडे आहे. तीच फेलोशिप, जिच्यासाठी मी सेकंड इयरला असताना तुझ्याशी आठ दिवस धड बोलले नव्हते.

तेव्हा नोटीस बोर्डावर तो कागद लागला आणि मी तिथल्या तिथे ठरवलं की जायचंच. दूरच्या राज्यातली संस्था, राहायला खोली, मोठी लायब्ररी, वर मार्गदर्शन करणारे शास्त्रज्ञ. आपल्या गावातून मेडिकलला गेलेली मी पहिली. हॉस्टेलच्या मुलींचे आईवडील डॉक्टर, त्यांना असल्या गोष्टी घरबसल्या कळायच्या. मला वाटायचं, आपल्याकडे काय आहे? मग लक्षात आलं, आपल्याकडे तू आहेस. पनवेलच्या सरकारी दवाखान्याच्या रेकॉर्ड रूमचा कारकून. विषय तर मला तूच दिला होतास, जेवताना सहज बोलून. भातकापणी आली की कर्नाळ्याच्या खालच्या वाड्यांमधून साप चावलेली माणसं येतात, आणि त्यातली बरीच उशिरा येतात. किती उशिरा येतात, आधी कुठे जातात, हेच मी शोधणार होते. अर्जात लिहायचं होतं की थोडी प्राथमिक माहिती हातात आहे का. ती माहिती तुझ्या खोलीत, तुझ्या रॅकवर, वर्षावार बांधून ठेवलेली होती. मुदतीला दहा दिवस होते.

मी हॉस्टेलवरून घरी आले त्या रात्री तू बोंबलाचं कालवण भातावर घेत होतास. मी सांगितलं ते सगळं ऐकलंस आणि म्हणालास, "सायबांची सही आण."

"अधीक्षक साहेब ट्रेनिंगला गेलेत ना महिनाभर. तूच म्हणालास."

"मग महिनाभर थांब."

"बाबा, मुदत दहा दिवसांवर आहे. आणि तू तिथेच तर बसतोस. कुणाला कळणार आहे?"

"मी तितं बसतो म्हनूनच नाय." तू ताट पुढे सरकवलंस आणि आईकडे भात मागितलास. विषय संपला. आई मला डोळ्यांनी गप्प करत होती. मी मात्र उठून गेले, हातही न धुता. मला वाटलं, ज्या माणसाची अख्ख्या नोकरीत कुणी दखल घेतली नाही, त्याला एवढीच सत्ता गाजवायला मिळते, आणि ती तो माझ्यावर गाजवतोय. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आज लिहितेय.

शनिवारी तू डबा विसरून गेलास. आईने तो माझ्याकडे दिला. मी रिक्षा केली. तुझी ती खोली मला अजून दिसते. जिन्याखालून आत गेलं की आधी डांबरगोळ्यांचा वास, मग ट्यूबलाइट, मग छतापर्यंत गेलेले रॅक, आणि खाली टेबलाशी तू, चष्मा कपाळावर ठेवून. तू डबा घेतलास, "बस" म्हणालास, तेवढ्यात कोर्टाचं समन्स घेऊन पोलीस आला आणि जुना एक कागद रॅकवरून काढून तू त्याच्याबरोबर वरच्या ऑफिसात गेलास. मी बसलेली आहे. समोरच्या रॅकवर तुझ्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी आहे, 'सर्पदंश', खाली वर्ष. पांढऱ्या फितीने बांधलेला गठ्ठा, फार जाडही नाही. मी तो उचलते आणि पुस्तकांच्या मध्ये बॅगेत ठेवते. छाती धडधडत नाही, काही नाही. तू परत आलास तेव्हा मी तुला म्हणालेसुद्धा, आता जेवून घे.

घरी स्वयंपाकघरात फरशीवर मी ते कागद पसरले. आई कोलीम, ती बारीक सुकी कोळंबी, निवडत होती, करंजा गावच्या मामीने पाठवलेली. तिला वाटलं कॉलेजचं काहीतरी आहे. मी वहीत रकाने आखले. चावा किती वाजता, दाखल किती वाजता, आधी कुठे नेलं, शेवट काय झाला. अकरा कागद झाले होते आणि तू दारात उभा होतास. रॅकवरची रिकामी जागा तुला दिसली होती आणि ड्युटी संपायच्या आत तू घरी आला होतास. पहिल्यांदाच.

तू ओरडला नाहीस. पाय धुतलेस, माझ्यासमोर मांडी घातलीस, आणि एक कागद उचलून वाचलास. मग म्हणालास, "ही बाय फुरसं चावून गेली. दोन दिवसानी तिचा नवरा माज्याकडं आला, दाखल्यासाठी. अंगठा कुटं लावायचा ते मी दाखवलं त्याला. तो बोलला, सायेब, तिला आदी भगताकडं नेली, तितंच दोन तास गेले. डॉक्टरांनी कागदावर लिवलंय, पन कुनाला सांगू नका, माजी पोरं मोटी होतील. मी बोललो, नाय सांगनार." तू कागद खाली ठेवलास. "आता तू सांग, ह्ये कुनाला पाठवनार हायस?"

"नाव नाही लिहिणार मी बाबा. फक्त वेळा."

"मग तसं लिवून सायबाना विचार. ते हो बोलले तर मी सोता काडून देईन, सगले. पन विचारल्याशिवाय नाय."

मी रडले. तू कागद अनुक्रमाने लावलेस, फीत बांधलीस. वही माझ्या मांडीखाली होती. ती तुला दिसली का नाही, मला माहीत नाही. तू मागितली नाहीस.

सोमवारी तू मला बरोबर नेलंस. मला वाटलं, गुपचूप गठ्ठा जागेवर ठेवशील आणि झालं. तू सरळ प्रभारी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलास. मी दाराबाहेर बाकावर. पडद्यातून तुझा आवाज येत होता, ऑफिसात काढायचास तो शुद्ध आवाज. "साहेब, शनिवारी सर्पदंशाचे केसपेपर रेकॉर्डच्या बाहेर गेले. माझ्याकडून गेले. आज परत आणलेत, मोजून घ्या." डॉक्टर म्हणाले, अहो, आणलेत ना परत, कशाला सांगताय? तू म्हणालास, रजिस्टरला नोंद करावी लागेल. मग त्यांनाही काही करता येईना. तुला मेमो मिळाला. तेवीस वर्षांच्या नोकरीतला पहिला. बढतीची यादी त्याच वर्षी लागायची होती, तुझं नाव त्यात आलं नाही, आणि आपण घरात त्यावर कधी बोललो नाही. बाहेर येऊन तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "चल, अर्ज लिव." दवाखान्याच्या आवारात, झाडाखालच्या कट्ट्यावर बसून तू सांगितलास आणि मी लिहिला. माननीय अधीक्षक साहेब यांस, विषय, संदर्भ. खाली सही माझी. परवानगी द्यायचा अधिकार प्रभारींना नव्हता; साहेब आल्याशिवाय ती येणार नव्हती, मुदत त्याआधीच संपणार होती.

तुला वाटलं, मी त्या वर्षीचा नाद सोडला, किंवा नुसता विषय लिहून अर्ज पाठवला. मी मात्र हॉस्टेलवर गेले, वही काढली, आणि अर्जात लिहिलं: तालुक्याच्या ठिकाणच्या एका रुग्णालयातील अकरा रुग्णांच्या नोंदींवरून असं दिसतं. खाली एक तक्ता. कॉलेजातले अर्ज तपासणाऱ्या सरांनी वाचून शाबासकी दिली. परवानगीचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. निवड झाली.

ते कळलं त्या दिवशीचा तू मला आठवतोस. बाजारातून पेढे आणलेस, रेकॉर्ड रूमपासून केसपेपरच्या खिडकीपर्यंत सगळ्यांना वाटलेस. प्रभारी डॉक्टरांनाही दिलेस, मेमो देणाऱ्या. घरी आलास, माझ्या हातावर पेढा ठेवलास आणि म्हणालास, "बगितलंस? आकडे नसले तरी घेतली का नाय तुला?" तुझा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. मी पेढा तोंडात टाकला. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

संस्थेत असताना तुझं पाकीट आलं. अधीक्षकांच्या सहीची परवानगी, सोबत तुझी दोन ओळींची चिठ्ठी, आता पाहिजे तेवढे कागद बघ, मी काढून ठेवतो. तारीख माझ्या अर्जानंतरची होती. मार्गदर्शकांनी ते पत्र फाइलला लावलं, तारीख कुणी बघितली नाही. पुढचं काम मी सरळ केलं, बाबा. दिवाळीत तुझ्यासमोर बसून सगळे गठ्ठे वाचले, तू एकेक काढून देत होतास. त्या कामावरच पुढे माझं नाव झालं, वाड्यांवर सर्पदंशावरची लस लवकर पोचावी म्हणून आम्ही जे केलं त्याची सुरुवात तीच. पण त्या दिवाळीतही तुला सांगायला तोंड उघडलं नाही. मग वाटलं, इंटर्नशिप झाली की सांगू. तू थांबला नाहीस.

परवाची मुलगी सेकंड इयरची आहे. वडील कळंबोलीला ट्रकचे सुटे भाग विकतात. अर्ज सुरेख होता, आणि त्यात एका दवाखान्यातल्या रुग्णांची माहिती होती, परवानगीशिवाय घेतलेली. विचारल्यावर तिने लगेच कबूल केलं, मी केलं असतं त्यापेक्षा लवकर. "मॅडम, मावशी तिथे नर्स आहे. तिने फक्त रजिस्टर दाखवलं. फायनलमध्ये काढून टाकते ना!" मी नाही म्हणाले. तिला रडू आलं. मग मी तिला पाणी दिलं आणि तुझी गोष्ट सांगितली. ती फुरसं चावलेली बाई, तो नवरा, केबिनचा पडदा, मेमो, कट्ट्यावरचा अर्ज. ती डोळे पुसून ऐकत होती.

"मग तुम्हाला त्या वर्षी मिळाली का, मॅडम?"

"मिळाली."

"आकडे नसताना?"

मी होकारार्थी मान हलवली.

ती म्हणाली, तुमचे बाबा भारी होते, मी पुढच्या वर्षी परवानगी घेऊन नीट अर्ज करते. नमस्कार करून गेली. तिला नाकारलं ते बरोबरच होतं, आजही तेच करीन. पण तुझं सगळं सांगितलं आणि माझं ठेवून घेतलं. आज रविवार, ती घरी असेल. अर्जावर तिचा नंबर आहे. सकाळपासून दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. मग हा कागद पुढे ओढला. तुला सांगणं सोपं आहे, बाबा. तू उलटून काही विचारणार नाहीस.