त्याग करतो

प्रिय चष्मेवाली,

माझं सगळं आयुष्य बदललं ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये, एका वाक्याच्या मधोमध. तू समजतेस की मी बाणेदारपणे कॉलेज सोडलं, आणि मीही तुला तसं समजू दिलं. झालं होतं ते वेगळंच. प्रयोगशाळेच्या सरांशी हुज्जत घातली म्हणून मला माफी मागायला पालकांसह बोलावलं होतं. बाबांना न्यायची हिंमत नव्हती, म्हणून मामाला नेलं. मी उभा राहिलो, म्हणालो, "सर, मी या कॉलेजचा..." पुढे 'ऋणी आहे' म्हणायचं होतं, पण शेजारी बसलेल्या त्या प्रयोगशाळेच्या सरांचं तोंड दिसलं आणि मी अडकलो. तेवढ्यात मागून हळूच आवाज आला, "त्याग करतो." मी ते खणखणीत म्हणून मोकळा झालो. जिन्यात मामाच्या अंगावर धावून गेलो, तर तो शांतपणे म्हणाला, "अरे, पॉज केवढा घेतलास. मला वाटलं, विसरलास."

मामा नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता, हे तुला ठाऊक आहे. विंगेत स्टुलावर बसून विसरलेल्या नटांना शब्द पुरवायचा. पण तो आमच्या घरातही विंगेतच बसायचा, हे तुला कुठून कळणार? बाबा चिडून "मी या घरात..." म्हणून दम घ्यायला थांबले की मामा पेपराआडून, "परका झालोय." बाबाही भरात तेच म्हणून टाकायचे आणि मग आईचा चेहरा बघून गोंधळायचे, कारण त्यांना फक्त चहा कधी मिळणार एवढंच विचारायचं होतं. आई म्हणायची, "दादा, तू जरा गप्प बस ना." तो गप्प बसायचा, पण ओठ हलत राहायचे.

तुझ्या चष्म्यांच्या दुकानातलं तर तुला आठवतंच. मी त्याला येऊ नको म्हणून बजावलं होतं, तरी तो फ्रेमांच्या स्टँडमागे येऊन उभा राहिला. मी म्हणालो, "मला तू..." आणि नेहमीसारखा अडकलो. स्टँडमागून "आवडतेस" आलं. तक्त्यावरची अक्षरं वाचत बसलेल्या आजोबांना वाटलं, खालची ओळ कुणीतरी सांगतंय. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, "आवडतेस." तू हसलीस, आणि मग विचारलंस, "यातलं तू काय म्हणालास?" माझं डोकं फिरलं. मी तुझं काचेचं दार असं आपटलं की चार फ्रेमा खाली आल्या. मागून तू म्हणालीस तेही ऐकलं होतं मी. स्वतःचं वाक्य स्वतः पुरं करता आलं की ये, म्हणालीस.

मामा गेला, हे तुला कळलंच असेल. काल कंपनीनं त्याच्यासाठी सभा घेतली. त्यांचा मुख्य नट बोलायला उभा राहिला आणि दुसऱ्याच वाक्याला अडकला. सगळ्यांनी सवयीनं डाव्या विंगेकडे बघितलं. तिथं नुसतं स्टूल. नट तोंडावर हात धरून पुटपुटला, "सांग ना रे पुढचं." आधी कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि इतके दिवस कोरडी राहिलेली आई तेव्हा रडली.

आता हे का लिहितोय ते सांगतो. दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी मामानं माझा हात धरला, म्हणाला, "त्या चष्मेवालीला तू..." आणि थांबला. मी वाट पाहिली. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि माझ्या लक्षात आलं की आज तो विसरलाय, आज सांगायची पाळी माझी आहे. मी हळूच म्हणालो, "जाऊन सांग." त्यानं मान डोलावली. "जाऊन सांग," म्हणाला, अगदी स्वतःलाच सुचल्यासारखा. मग डोळे मिटून मला दटावलं, "पण केवढ्यानं सांगितलंस. पहिल्या रांगेला ऐकू गेलं असेल."

हा कागद मी टेबलावरच ठेवतोय. सोबत आणला तर तोही प्रॉम्प्टरच झाला. तुझ्यासमोर उभा राहून जे काय होईल ते झाल्यावर तुला देईन. अडकलो, तर तू जरा थांबशील ना? पॉज समजशील. निघतो. दार आज हळू लावतोय.

तुझाच,
(यातला 'च' मला कुणी सांगितलेला नाही.)